गिरणीचा हादरा पायातच थांबवा

तुमच्या गावच्या गिरणीवाल्याशी बोलताना एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का? तुम्ही बोलू लागलात की तो तुमच्या डोळ्यांकडे पाहत नाही, ओठांकडे पाहतो. गिरणी बंद असली तरीही! "पायली बारीक दळा" म्हटले तर मान हलवतो आणि जाडेभरडे दळून देतो. आपण म्हणतो, याचे लक्ष नाही. लक्ष असते हो; कान गेलेले असतात.

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आबा म्हणतो, यांनी तीस वर्षे घराच्या पडवीत पिठाची गिरणी चालवली. आधी डिझेल इंजिनावर, पुढे विजेच्या मोटरीवर. वीज गेली की पुन्हा इंजिन. त्या गिरणीने दोन मुलींची लग्ने केली, विहीर खोदली. पण दोन वर्षांपूर्वी आबा रस्त्याने चालले असता मागून मोटारसायकल आली. तिने भोंगा वाजवला, नातीने ओट्यावरून हाका मारल्या. आबांना काहीच कळले नाही. मनगट मोडले तेव्हा घरच्यांना उमगले, की गिरणीने दिले तसे काही घेतलेही आहे. त्याच सुमारास शेजारचे नाना येऊन म्हणाले, "आबा, आपलं भांडण नाही, पण माझ्या भिंतीतून आता बोट जातंय."

मग आम्ही घरच्यांनी मिळून गिरणी उचलून पुन्हा बसवली. त्या कामात जे शिकलो, जे जाणत्या फिटरने आणि गवंड्याने समजावले, ते तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्या घरी गिरणी नसेल, तर कडबाकुट्टी असेल, उसाचा चरक असेल, इंजिन-पंप असेल, नाहीतर लोहारशाळेतला यांत्रिक घण असेल. नियम सगळ्यांना सारखेच आहेत.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. बहुतेक आवाज हा हादऱ्याचे मूल आहे. यंत्र थरथरते, ते जमिनीला हलवते, जमीन भिंतीला हलवते, भिंत पत्र्याला हलवते, आणि पत्रा ओरडतो. आपण मात्र ओरडणाऱ्या पत्र्यावर गोणपाट टाकत बसतो. हादरा जिथे जन्मतो तिथून निघा, आणि एकेक पायरी बाहेर या.

पहिली पायरी : बिनखर्चाची

बशीभर पाणी घ्या आणि यंत्र चालू असताना ते जमिनीवर यंत्रापासून एक हातावर, मग भिंतीशी, मग उंबऱ्यावर असे ठेवून पाहा. पाण्यावरची लहर कुठवर पोचते ते डोळ्यांना दिसेल. आज लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा पाहून ताडता येईल.

आता यंत्र पूर्ण बंद करा. मोटर असेल तर मुख्य खटका पाडा. मग पाना घेऊन प्रत्येक नटबोल्ट तपासा. थरथरीने नट सैल होतो, आणि सैल नटाने थरथर वाढते. हे दुष्टचक्र आहे. नटाखाली स्प्रिंग वॉशर घाला.

त्यानंतर पुल्या एका रेषेत आहेत का ते पाहा. एक दोरी घेऊन दोन्ही पुल्यांच्या कडांना ताणून लावा. पुल्यांची रुंदी सारखी असेल तर दोरी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. कुठे फट दिसली तर पुली तिरकी आहे, आणि पट्टा दर फेऱ्याला यंत्राला एका बाजूला ओढतो आहे. चपट्या पट्ट्याचा सांधाही पाहा. सांध्याची जाड पकड पुलीवरून जाताना दर वेळी ठोका देते. तोच तो "टक् टक्" आवाज. सांधा पातळ आणि सरळ करून घ्या.

मग बेअरिंग. हाताने चाक सावकाश फिरवा. खरखर लागली, किंवा दांडा वरखाली हलला, तर बेअरिंग बदलायला झाले. ते बदलण्यात आळस करू नका, कारण झिजलेले बेअरिंग दांडाही खाते.

आणि शेवटी तोल. फिरणाऱ्या चाकाच्या एका बाजूला थोडे जास्त वजन असले तर काय होते? हिशोब पाहा. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या पुलीच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर फक्त २० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ते दांड्याला जवळपास ७ किलोच्या ओढीने हिसडते, आणि तेही सेकंदाला २४ वेळा, दर वेळी नव्या दिशेने. वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते. म्हणून मूळ पुली काढून लहान पुली बसवायची आणि यंत्र जोरात पळवायचे, ही हौस महागात पडते.

कडबाकुट्टीची पाती बदलताना हे विशेष ध्यानात ठेवा. एकच पाते नवे घालू नका. सगळी एकदम बदला, नाहीतर एकदम धार लावा, आणि तराजूत घालून सारख्या वजनाची करून घ्या. चक्कीच्या दगडाला टाकी लावतानाही सगळीकडे सारखी लावली नाही, तर दगड एका अंगाने घासतो आणि गिरणी डुलते.

आमच्या गिरणीचा निम्मा खडखडाट या पहिल्या पायरीलाच गेला. एक पैशाचे सामान लागले नाही म्हणणार नाही, पण एक पट्टा, एक बेअरिंग आणि चार वॉशर एवढ्यातच भागले.

दुसरी पायरी : पाया

आता राहिला तो हादरा यंत्राच्या जातीतच असतो. एका सिलिंडरचे चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेते. मिनिटाला १५०० फेरे असतील तर ७५० वेळा. शिवाय आतला दट्ट्या सारखा खालीवर धावतो. त्याचा धक्का फिटर कितीही चांगला असला तरी पूर्ण जात नाही. त्याला एकच उतारा आहे : वजन.

बैलाला खुंट्याला बांधले आणि खुंटी हलकी निघाली, तर बैल खुंटी घेऊन जातो. इंजिनाचेही तसेच. त्याला स्वतःपेक्षा कितीतरी जड अशा ठोकळ्याला बांधले पाहिजे. कारागीर मंडळींचा ठोकताळा असा की, अशा धक्का देणाऱ्या यंत्राखाली त्याच्या वजनाच्या तिप्पट ते पाचपट काँक्रीट असावे.

समजा, तुमचे इंजिन बैठकीसह ४०० किलो आहे. पाचपट म्हणजे २००० किलो. एक घनफूट काँक्रीट साधारण ६८ किलो भरते. म्हणजे ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा ठोकळा हवा. ३० घनफूट झाले, वजन २००० किलोच्या थोडे वर. आमच्या पडवीत काय होते? चार इंचांचा कोबा, वर शहाबादी फरशी आणि तिच्यावर लाकडी ठोकळे! नानांची भिंत फुटली यात नवल ते काय?

पाया घालताना पुढील गोष्टी सांभाळा.

काळ्या मातीवर पाया कधीही टेकवू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया कलतो. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर आणखी दीड-दोन फूट माती काढून तिथे दगड-मुरूम थराथराने पाणी मारून ठोकून भरा आणि मग काँक्रीट घाला.

यंत्राचा पाया घराच्या पायाला चिकटू देऊ नका. हे सगळ्यांत महत्त्वाचे आहे आणि सगळ्यांत जास्त विसरले जाते. ठोकळ्याच्या चारी अंगांना दोन बोटे फट ठेवा. तिच्यात थर्माकोलच्या पट्ट्या किंवा डांबरी फळी घाला, वरून डांबराने बुजवा, म्हणजे पाणी आणि उंदीर आत जाणार नाहीत. गवंडी शेवटी सवयीने सगळीकडून सिमेंट फिरवतो. तिथे उभे राहा आणि त्याला थांबवा. त्या एका थापीने भिंत आणि पाया पुन्हा एक होतात.

काँक्रीट १:२:४ प्रमाणाचे चालेल. फौंडेशन बोल्टसाठी भोके ठेवा. यंत्र बसवून, पाणसळीने दोन्ही दिशांना तपासून, लोखंडी पाचरींनी समपातळीत आणा आणि मग ती भोके पातळ सिमेंट-वाळूने भरा. ते घट्ट होण्याआधी नट आवळू नका.

आणि घाई करू नका. पायावर किमान दहा दिवस पाणी मारा, आणि तीन ते चार आठवडे इंजिन सुरू करू नका. आमच्याकडे पंधराव्या दिवशीच गावची माणसे डबे घेऊन दारात उभी राहिली. काकूंनी सगळ्यांना चहा पाजून परत लावले, पण इंजिनाला हात लावू दिला नाही. कच्च्या काँक्रीटला हादरा बसला की बोल्टाभोवती ते भुसभुशीत होते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

तिसरी पायरी : रबर, पण जपून

पुष्कळ जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? जुन्या टायरचे तुकडे घाला खाली! इथेच फसगत होते. चुकीचे रबर हादरा कमी करत नाही, वाढवते.

ते कसे? झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला त्याच्याच लयीत हलके ढकलले, तरी झोका चढत जातो. रबरावर ठेवलेल्या यंत्रालाही स्वतःची एक लय असते. यंत्राचे फेरे त्या लयीशी जुळले की झोका चढतो. हे तुम्ही रोज पाहता. इंजिन बंद करताना वेग उतरत जातो आणि मध्येच एका क्षणी सगळे घर खडखडते. ट्रॅक्टरचा आरसाही एका ठराविक रेसवरच थरथरतो. तीच ती लय.

मग योग्य रबर ओळखायचे कसे? यंत्र वर ठेवल्यावर रबर किती दबते ते मोजा. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या यंत्राखाली रबर जेमतेम अर्धा मिलिमीटर दबत असेल, तर लय जुळते आणि यंत्र नाचते. टायरचा कडक तुकडा नेमका असाच वागू शकतो. एक मिलिमीटर दबले तर फायदा नावापुरता. ४ ते ५ मिलिमीटर दबले, तर हादऱ्याचा फार थोडा भाग जमिनीत उतरतो.

आता मिनिटाला ६०० फेऱ्यांचे सावकाश यंत्र घ्या. त्याला तेवढाच गुण यायचा तर रबर जवळजवळ एक इंच दबायला हवे. एवढे साध्या रबराने होत नाही, त्याला स्प्रिंगा लागतात. तेव्हा सोपा नियम असा : विजेच्या मोटरीवरच्या वेगवान यंत्राला योग्य रबर, डिझेल इंजिनाला, चरकाला आणि सावकाश जड यंत्राला वजनदार पाया. रबर बाजारातून घेताना यंत्राचे वजन आणि फेरे दोन्ही सांगून घ्या. यंत्र रबरावर असेल तर डिझेलचा आणि धुराचा नळही थोडा लवचीक ठेवा, नाहीतर तो तडकतो.

घरातल्या लहान घरघंटीलाही हेच लागू. ती फळीवर किंवा हलत्या स्टुलावर ठेवू नका. सपाट फरशीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, आणि चारही पाय टेकतात ना ते पाहा.

चौथी पायरी : हवेतला आवाज

इंजिनाचा सगळ्यात मोठा आवाज धुराच्या नळातून येतो. सायलेन्सर कुजला असेल तर बदला. नळाचे तोंड शेजाऱ्याच्या दाराकडे नको, वर आभाळाकडे करा, आणि पावसासाठी टोपी घाला. काही जण नळ खड्ड्यात दगडगोट्यांत सोडतात. आवाज घटतो खरा, पण खड्ड्यात पाणी किंवा गाळ साचला तर इंजिन गुदमरते, डिझेल जास्त खाते आणि तापते. तेव्हा खड्डा मोठा आणि मोकळा हवा.

आवाज कोंडण्यासाठी मात्र धूर कधीही खोलीत कोंडू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत इंजिन चालवून माणसे झोपेतच गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

भिंतीचे म्हणाल, तर आवाज अडवते ते वजन. पत्र्याच्या आडोशापेक्षा गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत कितीतरी पट आवाज अडवते. पण फट ठेवली तर सगळे व्यर्थ; पाणी जसे भोकातून निघते तसा आवाज निघतो. दार तर लागतेच. मग दारासमोर चार हातांवर एक आडभिंत घाला. माणूस वळसा घालून आत येतो, आवाज सरळ बाहेर जात नाही. गोणपाटे टांगण्याचा मोह टाळा. त्यांनी जमिनीतला हादरा थांबत नाही, पीठ मात्र साठते, पाखरे होतात, आणि पिठाची धूळ पेटही घेते.

आणि अंतरासारखे औषध नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. डेसिबल हे आवाजाचे माप. १० डेसिबल उतरले तर कानाला आवाज निम्मा वाटतो. नवी गिरणी घालणार असाल तर घराच्या पडवीत घालू नका. वीस पावले लांब बांधा.

पाचवी पायरी : कान

एवढे करूनही गिरणीत आवाज उरतोच. किती आवाज घातक? यंत्र न घेता ओळखण्याची खूण अशी : हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असे समजा. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ही जाणकारांनी घातलेली मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, आणि १०० डेसिबलला जेमतेम पाव तास!

कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या मोठ्या आवाजाने मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. पीक गेले तर पुढच्या साली पेरता येते; इथे दुबार पेरणी नाही. पहिल्यांदा जातात ते बारीक, उंच आवाज : पाखरांची किलबिल, लहान मुलाची हाक, बोलण्यातले स, श, त. म्हणून सुरुवातीला माणूस म्हणतो, "ऐकू येतं रे, पण तुम्ही नीट बोलत नाही." संध्याकाळी काम संपल्यावर कानात शीळ वाजत असेल, तर कान तुम्हाला ओरडून सांगत आहेत. कानाच्या डॉक्टरांकडे जा. मनाने तेल घालू नका.

कानात कापसाचे बोळे घालणे म्हणजे मनाचे समाधान, त्याने फारसा आवाज अडत नाही. स्पंजाचे बूच मिळतात. हात धुऊन, बोटांनी वळून बारीक करून कानात घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नाहीतर कान झाकणारे कप डोक्याला लावा. गिरणीवाल्याइतकेच त्याच्या मदतीला बसणाऱ्या बायकोचे आणि सुट्टीत हात लावणाऱ्या मुलाचे कान मोलाचे आहेत. तान्ह्या मुलाला घेऊन दळणाच्या रांगेत उभे राहू नका. बाहेर थांबा.

शेजारधर्म

कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पण गावात कायद्याआधी शेजार येतो. वीज रात्री आली म्हणून रात्रभर दळण काढणाऱ्याने, पलीकडे कुणाची सून बाळंत आहे, कुणाच्या पोराची परीक्षा आहे, एवढे तरी विचारावे.

जाता जाता एवढे ध्यानात ठेवा :

दर आठवड्याला यंत्र बंद करून नटबोल्ट आवळा.
पुल्या दोरीने पाहा आणि पाती तोलून लावा.
पाया यंत्राच्या पाचपट, मुरमावर, आणि घरापासून सुटा.
रबर दबते किती ते मोजल्याशिवाय घालू नका.
धूर बाहेर, आणि कानात बूच.

आमच्या गिरणीला आता वर्ष झाले. उंबऱ्यावर बशी ठेवली तर पाण्यावर लहर दिसत नाही. नानांनी भिंत लिंपली, ती तशीच आहे. आता गिरणी माझा चुलतभाऊ चालवतो, कानात बूच घालून. पहिल्या दिवशी गावाने त्याला हसून घेतले. आता दोघे-चौघे विचारतात, हे बूच कुठे मिळतात?

आबा ओट्यावर बसलेले असतात. त्यांचे कान काही परत आले नाहीत, येणारही नाहीत. नात आता त्यांना मागून हाक मारत नाही. समोर येते, गुडघ्यावर हात ठेवते आणि मग बोलते. तुमच्या घरच्या नातीला असे करावे लागू नये, म्हणून हा लेख. उद्या सकाळी बशीभर पाणी घ्या आणि तुमच्या यंत्राशेजारी ठेवून पाहा.